अहिंसा, आहार आणि हवामान

माणसाने काय खावे हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनात मुख्यतः हिंसेच्या अंगाने विचारला गेला. अन्नासाठी कोणता जीव गेला, तो कोणी मारला आणि खाणाऱ्याकडे त्या मारण्याचा किती वाटा येतो, या तीन मुद्द्यांभोवती जैन, बौद्ध आणि वैदिक परंपरांतील वाद फिरत राहिले. गेल्या अर्धशतकात त्यात चौथा मुद्दा आला. पशुपालनातून निघणारे वायू हवामान बदलतात आणि त्याची झळ जनावर न पाहिलेल्या, कधी कधी अजून न जन्मलेल्या माणसांना बसते. ही हानी ज्याच्या त्याच्या नावावर मांडता येत नाही, पण ती खरी आहे. अशा हानीला हिंसा म्हणावे का, आणि म्हटल्यास मांसाहार, दूध घेणारा शाकाहार आणि दूधही वर्ज्य मानणारा व्हीगन आहार यांकडे कसे पाहावे, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना शरीराच्या पोषणाची बाजू टाळता येत नाही.

खाणाऱ्याचा वाटा

मांस विकत घेणारा स्वतः सुरी चालवत नाही. तरीही तो हिंसेचा भागीदार ठरतो का, यावर परंपरांनी वेगवेगळी उत्तरे दिली. मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात बुद्धांनी भिक्षूंसाठी नियम घालून दिला आहे. प्राणी आपल्यासाठी मारला गेल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये. या तिन्ही दोषांपासून मुक्त असलेले चालते. देवदत्ताने संघात मासे-मांस पूर्ण बंद करण्याची मागणी केली, ती बुद्धांनी मान्य केली नाही. या नियमामागे भिक्षेवर जगणारा माणूस आहे. दात्याने पात्रात जे वाढले ते स्वीकारणे हा त्याचा धर्म, आणि त्याच्या हेतूत मारणे नाही.

महायान परंपरेतील लंकावतारसूत्राने याच्या पुढचे पाऊल टाकले. खाणारे नसतील तर विकण्यासाठी मारणारेही उरणार नाहीत, असा त्याचा रोख आहे. आजच्या भाषेत हा मागणी आणि पुरवठ्याचा युक्तिवाद होय. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सर्वांना घातक म्हटले आहे. त्याच अध्यायात यज्ञातील मांसाला मुभा आहे आणि मांसभक्षण ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती असून निवृत्ती अधिक फलदायी आहे, असेही सांगितले आहे. एकाच ग्रंथात निषेध आणि परवानगी शेजारी शेजारी आढळतात, यावरून हा वाद त्या काळीही मिटलेला नव्हता, हे दिसते.

हवामानाच्या संदर्भात मनुस्मृतीतील ही साखळी महत्त्वाची ठरते. एका माणसाने एक जेवण बदलल्याने पृथ्वीचे तापमान बदलत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा आहे. परंतु दोषाची वाटणी केवळ शेवटच्या कृतीवर न करता साखळीतील प्रत्येक दुव्यावर करायची, हे तत्त्व मान्य केले की परिणाम कितीही लहान असला तरी वाटा शून्य होत नाही.

हिंसा शून्य होऊ शकते का

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेतील धर्मव्याधाची कथा आहे. तो मांस विकतो, पण स्वतः मारत नाही आणि खातही नाही. तपस्वी कौशिक त्याच्या व्यवसायाला नाक मुरडतो, तेव्हा व्याध त्याला शेतीकडे पाहायला सांगतो. नांगराच्या फाळाखाली जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्याचे दाणे स्वतःच सजीव आहेत, चालतानाही पायाखाली जीव येतात. अहिंसेचे व्रत घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा होते. यत्नाने ती कमी मात्र होते, असा त्याच्या बोलण्याचा निष्कर्ष आहे.

हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी वापरता येतो. हिंसा टळतच नाही, तर मग मांसच का सोडावे, असे म्हणता येते. त्याचे टोकाचे रूप जैन आगमातील सूत्रकृतांगात नोंदले आहे. हस्तितापस नावाचे तपस्वी वर्षाला एकच हत्ती मारून त्यावर वर्षभर गुजराण करत. असंख्य लहान जीव मारण्यापेक्षा एक मोठा जीव मारणे अधिक दयेचे आहे, असे त्यांचे म्हणणे. आर्द्रक मुनी त्यांना उत्तर देतो की वर्षात एकच जीव मारणाराही जाणूनबुजून केलेल्या हत्येच्या दोषातून सुटत नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हस्तितापसांसारखाच युक्तिवाद पुन्हा खोडून काढला.

विसाव्या-एकविसाव्या शतकात हा वाद जवळजवळ त्याच शब्दांत परतला. २००३ साली अमेरिकेतील पशुविज्ञानाचे प्राध्यापक स्टीव्हन डेव्हिस यांनी असे मांडले की नांगरणी आणि कापणीत उंदीर, ससे, पक्षी मरतात. त्यापेक्षा कुरणावर वाढलेली मोठी गुरे खाल्ल्यास एकूण प्राणहानी कमी होईल. गॅव्हरिक मॅथेनी यांनी त्याच वर्षी त्यातली चूक दाखवली. तुलना दर हेक्टरी न करता मिळणाऱ्या अन्नाच्या प्रमाणात केली पाहिजे. एका हेक्टर पिकावर कुरणापेक्षा कितीतरी अधिक माणसे जगतात, म्हणून माणशी प्राणहानी वनस्पतिजन्य आहारात कमी भरते. शिवाय पशुखाद्यासाठी पिकवलेल्या धान्याच्या शेतातही तेच उंदीर आणि तेच पक्षी मरत असतात.

जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: मारण्याच्या इराद्याने केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेच्या कामात होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थानेही पूर्ण टाळावी आणि उरलेल्या तिन्ही यथाशक्ती कमी कराव्यात, अशी अपेक्षा आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद म्हणजे बेफिकिरी हा घटक मध्यवर्ती मानला आहे. केवळ जीव गेला म्हणून हिंसा पूर्ण होत नाही. काळजी न घेता वागल्यामुळे तो गेला, तर ती हिंसा. हवामानाच्या हानीला ही व्याख्या लागू पडते. ताटातील पदार्थामुळे दूरच्या कोणाचा बळी जावा असा खाणाऱ्याचा संकल्प नसतो. पण परिणाम ठाऊक झाल्यावर, पर्याय हाताशी असताना, त्याकडे डोळेझाक करणे हा प्रमाद आहे. जे अज्ञानात क्षम्य होते, ते ज्ञान झाल्यावर तसे राहत नाही.

हवामानाचा हिशेब

हे ज्ञान आता पुरेसे पक्के आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली केलेल्या मोजदादीनुसार मानवी कृतींतून होणाऱ्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनापैकी १४.५ टक्के उत्सर्जन पशुपालनातून होते. २०२३च्या अहवालात नव्या पद्धतीने हा वाटा सुमारे १२ टक्के काढला आहे. यातला मोठा भाग गाई-गुरांचा आहे.

त्याचे कारण जनावरांच्या पचनक्रियेत आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव गवत आणि कडबा आंबवतात, त्यातून मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट उष्णता अडवतो. मात्र वातावरणात तो साधारण बारा वर्षेच टिकतो. त्यामुळे मिथेन कमी केल्याचा गुण एका पिढीच्या आत दिसतो. शेणखताची साठवण, चाऱ्यासाठी वापरलेले रासायनिक खत आणि कुरणे किंवा सोयाबीन यांच्यासाठी होणारी जंगलतोड ही उत्सर्जनाची इतर कारणे आहेत. अमेझॉनच्या जंगलतोडीमागे गुरांसाठी कुरणे तयार करणे हे सर्वांत मोठे कारण आहे.

जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून ४० अन्नपदार्थांची तुलना केली. १०० ग्रॅम प्रथिने मिळवण्यासाठी होणारे सरासरी उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या मापात, असे आले: मांसासाठी पाळलेल्या गुरांचे मांस सुमारे ५० किलो, मेंढी-बकरीचे २० किलो, चीज ११ किलो, डुकराचे मांस साडेसात किलो, कोंबडी पावणेसहा किलो, अंडी चार किलोंच्या थोडे वर, टोफू २ किलो आणि कडधान्ये एक किलोपेक्षा कमी. प्राणिजन्य अन्नातून जगाला १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिने मिळतात, पण त्यासाठी ८३ टक्के शेतजमीन लागते. जगाने प्राणिजन्य पदार्थ पूर्ण सोडले तर शेतजमिनीची गरज सुमारे तीन-चतुर्थांशाने घटेल, असा त्यांचा अंदाज आहे.

या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अन्न किती लांबून आले यापेक्षा ते काय आहे याला अधिक महत्त्व आहे. वाहतुकीचा वाटा एकूण अन्न-उत्सर्जनाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी आहे. दुसरी, हवामानाच्या दृष्टीने मुख्य सीमारेषा मांस आणि शाकाहार यांच्यामध्ये जात नाही. ती रवंथ करणारे प्राणी आणि बाकीचे सारे अन्न यांच्यामध्ये जाते. कोंबडी आणि अंडी यांचे उत्सर्जन चीजपेक्षा कमी आहे. भातही या हिशेबातून सुटत नाही; पाणी साचलेल्या खाचरांतून मिथेन निघतोच.

ब्रिटनमध्ये पीटर स्कारबरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रत्यक्ष आहाराचा हिशेब मांडला. भरपूर मांस खाणाऱ्याच्या आहारातून दिवसाला सुमारे ७.२ किलो, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहाऱ्याच्या ३.८ किलो आणि व्हीगन व्यक्तीच्या २.९ किलो उत्सर्जन होते. मांस सोडल्याने होणारा फरक मोठा, दूध-अंडी सोडल्याने होणारा त्याहून लहान. पण तोही दुर्लक्ष करण्याइतका नाही.

दुधाचा पेच

भारतीय शाकाहाराची अडचण इथून सुरू होते. जैन, वैष्णव आणि वारकरी आचारात मांस वर्ज्य, पण दूध, दही, लोणी, तूप सात्त्विक आणि पूजेला योग्य मानले गेले. यामागील गृहीत असे की वासराचे भागवून उरलेले दूध माणूस घेतो, बैल शेतात राबतो, शेण जमिनीला मिळते आणि जनावर म्हातारे होऊन मरते. अशा व्यवस्थेत दुधासाठी कोणाचा जीव जात नाही.

आजची व्यवस्था वेगळी आहे. १९७०मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’नंतर भारत १९९८पासून दूध उत्पादनात जगात पहिला आहे. २०२३-२४मध्ये देशाचे उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन, म्हणजे जगातील दुधाच्या जवळपास एक-चतुर्थांश होते. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतल्यावर गोऱ्ह्यांचा उपयोग संपत आला आणि म्हशीच्या नर पारड्याला तर फारसा उपयोग आधीही नव्हता. गाय भाकड झाली की तिच्या चाऱ्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. महाराष्ट्रात १९९५च्या सुधारणा कायद्याला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाल्यापासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशी आणि रेड्यांना ती लागू नाही. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे. दुधाचा आणि मांसाचा धंदा एकाच गोठ्यातून निघतो, हे यावरून उघड आहे.

हवामानाची बाजूही याला जोडलेली आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींवर गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. भारताच्या शेतीक्षेत्रातील उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या पोटातील मिथेनचा आहे, म्हणजे भातखाचरांपेक्षा कितीतरी मोठा. आपल्याकडे एका जनावरामागे दूध कमी निघते, त्यामुळे दर लिटरमागे मिथेन जास्त पडतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारतातील जनावरे बहुतांशी कडबा, भुसा, पेंड आणि बांधावरचे गवत खातात. जागतिक पातळीवरही पशुखाद्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग माणसाला खाता न येणारा असतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अन्न व कृषी संघटनेच्या संशोधनात आढळले. जिथे पीक येत नाही अशा माळरानावर धनगरांच्या मेंढ्या चरतात, तिथे गवताचे अन्नात रूपांतर करण्याचा दुसरा मार्ग नाही. अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबाला दोन म्हशींच्या दुधाचे पैसे दर आठ-दहा दिवसांनी मिळतात, तसे कोणत्याही पिकाचे मिळत नाहीत. म्हणून दुधाचा प्रश्न मांसाच्या प्रश्नापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, पण शाकाहारी माणूस त्यापासून आपोआप मुक्त नाही.

पाश्चात्त्य जगात ही विसंगती १९४४ साली संघटित रूपात पुढे आली. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली ती याच कारणाने की शाकाहारी मंडळी दूध आणि अंड्यांच्या प्रश्नावर बोलायला तयार नव्हती. त्याच्या तीन दशके आधी गांधीजींनी तो प्रश्न स्वतःच्या शरीरावर तपासला होता. कलकत्त्यातील गवळ्यांकडून गाई-म्हशींचा होणारा छळ त्यांच्या वाचनात आला. ब्रह्मचर्याच्या दृष्टीनेही दूध त्यांना नको वाटत होते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर आपले सहकारी हर्मन कॅलनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले. १९१८-१९मधील दीर्घ आजारात मात्र त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. व्रत घेताना मनात गाई-म्हशीचेच दूध होते, म्हणून व्रताचे अक्षर पाळले पण आत्मा दुखावला, अशी खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली. दुधाला वनस्पतींतून पर्याय सापडावा, ही त्यांची इच्छा शेवटपर्यंत होती.

शरीराची गरज

बी-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली, गांधीजींच्या निधनाच्याच वर्षी, शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. काटेकोर वनस्पतिजन्य आहारातील सर्वांत मोठी उणीव तीच आहे. ते वनस्पती किंवा प्राणी तयार करत नाहीत, सूक्ष्मजीव करतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठते आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून माणसाला मिळते. प्रौढाला दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम एवढेच ते लागते, पण न मिळाल्यास रक्तक्षय आणि मज्जातंतूंचे विकार होतात, आणि मज्जातंतूंची हानी कायमचीही ठरू शकते.

दूध घेणाऱ्या शाकाहारातही ही उणीव राहू शकते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक दिसला. दुधाचे प्रमाण जेमतेम असेल, तर शाकाहार या बाबतीत व्हीगन आहाराच्या फार पुढे राहत नाही. दोन्हींवर उपाय एकच आहे: गोळी किंवा बी-१२ मिसळलेले अन्न. त्याचा खर्चही कमी आहे.

प्रथिनांची अडचण मानली जाते तेवढी मोठी नाही. प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने लागतात. धान्यात लायसिन कमी असते, कडधान्यात ते भरपूर असते. भाकरीबरोबर उसळ किंवा भाताबरोबर वरण खाल्ले की दोन्हींची उणीव भरून निघते. मात्र वरण पाणीदार आणि भाताचा ढीग मोठा, अशा जेवणात उष्मांक पुरतात आणि प्रथिने अपुरी पडतात. वनस्पतींतील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते. मोड आणल्याने, आंबवल्याने आणि लिंबू पिळल्याने शोषण वाढते; जेवणाबरोबरच्या चहाने घटते. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ हे दुधाला खरे पर्याय आहेत: १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक, तर तेवढ्याच दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जरी नाचणीतील सगळे अंगी लागत नाही. जवसातून ओमेगा-३ मेदाम्लाचा एक प्रकार मिळतो. माशांतील प्रकार शरीर त्यातून थोड्याच प्रमाणात तयार करू शकते.

दीर्घकालीन अभ्यासांचा निकाल एकतर्फी नाही. ऑक्सफर्डच्या एपिक अभ्यासात शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी, पण पक्षाघात काहीसा जास्त आढळला आणि २०२०च्या विश्लेषणात व्हीगन लोकांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण जास्त दिसले. उलट बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्ककारक ठरवले आणि गुरे, मेंढी, डुक्कर यांचे लाल मांस बहुधा कर्ककारक मानले. २०१६ साली अमेरिकेच्या आहारतज्ज्ञ संघटनेने नियोजित व्हीगन आहार सर्व वयांना योग्य म्हटला, तर त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी त्याची शिफारस केली नाही. दोन्हींचा समान धागा एवढा की नियोजन आणि बी-१२ची पूर्तता नसेल तर हा आहार सुरक्षित नाही.

कोणाकडून किती अपेक्षा

आहाराचा आदर्श सर्वांवर सारखा लादता येतो का, हा या विषयातील न्यायाचा भाग आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आणि पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांमध्ये खुंटलेली वाढ आढळली. अशा मुलाच्या ताटातील अंडे काढून घेणे हे हवामानाच्या नावाने केले तरी अन्यायच. भारतात वर्षाला माणशी मांसाचा वाटा दहा किलोंहून कमी आहे, अमेरिकेत तो शंभर किलोंच्या वर जातो. कोकण किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबाचे बोंबील आणि सुकट किंवा आदिवासी पाड्यावरची कोंबडी यांची तुलना औद्योगिक गोठ्यात वाढलेल्या गुरांच्या मांसाशी होऊ शकत नाही.

भारतात आहार हे उच्च-नीचतेचे मापही राहिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम गोमांसभक्षणाशी जोडला. १९२७ साली महाडला त्यांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले होते, ते स्वाभिमानासाठी. म्हणून अहिंसेचा युक्तिवाद दुसऱ्याचे ताट तपासण्यासाठी वापरला की तो सोवळ्या-ओवळ्याचा नवा अवतार होतो. परंपरेनेही व्रत ज्याने घ्यायचे त्यानेच घ्यावे, असे मानले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून एक क्रम ठरवता येतो. पूर्ण अहिंसक आणि पूर्ण निरुपद्रवी आहार अस्तित्वात नाही. धर्मव्याधाचे म्हणणे आजही खरे आहे. पण त्यावरून सर्व आहार सारखेच ठरत नाहीत, हे आर्द्रकाचे उत्तरही तितकेच खरे आहे. परवडत असताना आणि पर्याय उपलब्ध असताना रवंथ करणाऱ्या जनावरांचे मांस रोज खाणे हे हिंसा आणि हवामान या दोन्ही कसोट्यांवर सर्वांत अवघड समर्थनाचे आहे. त्याच्या खालोखाल तूप, पनीर आणि मिठाईचा सढळ वापर येतो, आणि इथे शाकाहारी घरांनी स्वतःकडे पाहायला हवे. व्हीगन आहार प्रौढांसाठी शक्य आणि हवामानाला सर्वांत सौम्य आहे, मात्र बी-१२ची सोय केल्याशिवाय तो घेणे हा स्वतःच्या शरीराविषयीचा प्रमाद आहे. वाढत्या मुलांचे, गरोदर स्त्रियांचे आणि गरिबांचे पोषण या क्रमात सर्वांआधी येते. ज्याच्याकडे निवड जास्त, त्याची जबाबदारी जास्त. कमी करण्याची सुरुवात त्यानेच केली पाहिजे.